फायरफॉक्सची नवी आवृत्ती कार्यालयात आणण्यापूर्वी

फायरफॉक्स या मुक्तस्रोत ब्राउझरची नवी आवृत्ती साधारणपणे दर चार आठवड्यांनी, मंगळवारी प्रसिद्ध होते. ज्या संगणकावर कोणी सेटिंग्ज बदललेल्या नाहीत, तिथे ती मागच्या मागे उतरवली जाते आणि पुढच्या वेळी ब्राउझर उघडताना आपोआप लागू होते. घरच्या संगणकासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु महिन्याची वीस तारीख आहे, मासिक जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस आहे, टेबलावर अशिलांच्या फायलींची चळत आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन लावूनही पडद्यावरचे स्वाक्षरीचे बटण दाद देत नाही, अशा वेळी त्याच सोयीची धास्ती वाटू लागते.

नाशिकमधल्या तीन छोट्या ठिकाणचे संगणक मी सांभाळते: गंगापूर रोडवरचे एका करसल्लागाराचे कार्यालय, पिंपळगाव बसवंतजवळचे द्राक्ष निर्यातीचे एक कार्यालय आणि सिडकोतली एक अभ्यासिका. वर वर्णन केलेला प्रसंग पहिल्या कार्यालयात घडला. कारण सापडायला दीड तास गेला. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली गेल्यामुळे ब्राउझरने नवे प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग्ज साठवण्याची नवी जागा, तयार केले होते आणि स्वाक्षरीच्या साहाय्यक सॉफ्टवेअरला जुन्या प्रोफाइलमध्ये दिलेली मान्यता त्या नव्या प्रोफाइलमध्ये नव्हती. ब्राउझरमध्ये दोष नव्हता, टोकनमध्येही नव्हता. नवी आवृत्ती कामाच्या संगणकावर थेट उतरवण्याआधी तिची चाचणी घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, एवढेच.

ती पद्धत आता बसली आहे आणि पुढे तीच सविस्तर लिहिली आहे. एखादी आवृत्ती घेण्यासारखी आहे का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्या आवृत्तीने आपल्या कार्यालयातली नेहमीची दहा-बारा कामे करून पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. गंगापूर रोडवर जो फायदा ठरतो, तो पिंपळगावला बिनकामाचा असू शकतो.

आधी शाखा ठरवावी

फायरफॉक्स एकच असला तरी तो वेगवेगळ्या शाखांमधून मिळतो. नाइटली आणि बीटा या शाखा चाचणीसाठी असतात. कामाच्या संगणकावर त्या बसवू नयेत. सर्वसाधारण वापरासाठीची शाखा दर चार आठवड्यांनी पुढे सरकते. तिच्याखेरीज ईएसआर नावाची एक शाखा आहे, जी मोठ्या संस्था आणि शाळा-महाविद्यालयांना नजरेसमोर ठेवून चालवली जाते. तिच्यात वर्षभर नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, फक्त सुरक्षेच्या आणि स्थैर्याच्या दुरुस्त्या येतात, आणि साधारण वर्षातून एकदा ती एकदम पुढच्या मोठ्या आवृत्तीवर उडी घेते.

या लेखात मी १४० या आवृत्तीचे उदाहरण घेतले आहे. २४ जून २०२५ रोजी ती सर्वसाधारण शाखेत आली आणि त्याच दिवशी तिच्यावरून नवी ईएसआर मालिकाही सुरू झाली. त्याआधीची ईएसआर मालिका जुलै २०२४मधल्या १२८ची होती. म्हणजे ईएसआर वापरणाऱ्या कार्यालयाने १२८वरून १४०वर जाताना बारा आवृत्त्यांमधले बदल एका दिवसात पाहिले. ज्यांनी सर्वसाधारण शाखा वापरली, त्यांना तेच बदल वर्षभर थोडेथोडे मिळत गेले. दोन्हींत गैरसोय आहे, फक्त ती वेगवेगळ्या वेळी सोसावी लागते. ईएसआरच्या बाजूने एक मोठी गोष्ट अशी की जुनी मालिका लगेच बंद होत नाही. १२८च्या मालिकेला सप्टेंबर २०२५च्या मध्यापर्यंत दुरुस्त्या मिळत होत्या, त्यामुळे चाचणीसाठी पावणेतीन महिने हाताशी होते.

माझी निवड अशी आहे: करसल्लागाराकडे आणि निर्यातदाराकडे ईएसआर, अभ्यासिकेत सर्वसाधारण शाखा. विंडोज ७ किंवा ८ असलेला एखादा जुना संगणक अजून चालू असेल, तर त्याच्यासाठी जुलै २०२३ची ११५ ही ईएसआर मालिकाच शेवटची आहे. अशा संगणकावर पैशाचे व्यवहार करू नयेत. तिथे ब्राउझरपेक्षा संगणक बदलण्याचा विचार आधी करावा.

माहितीपत्रक वाचताना

प्रत्येक आवृत्तीसोबत मोझिला, म्हणजे फायरफॉक्स बनवणारी संस्था, दोन पाने प्रसिद्ध करते. एकावर नवीन काय आणि बदलले काय याची यादी असते, दुसऱ्यावर बुजवलेल्या सुरक्षेच्या भगदाडांची. बहुतेक लोक पहिलेच पान वाचतात, कारण ते चित्रांसह आणि सोप्या भाषेत असते. मी नेहमी दुसऱ्या पानापासून सुरुवात करते. तिथे प्रत्येक दोषाची तीव्रता दिलेली असते आणि एखाद्या दोषाचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होत असल्याचे कळले असेल, तर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेली १३१.०.२ ही दुरुस्ती याचे चांगले उदाहरण आहे. पानावरच्या हलत्या चित्रांची वेळ सांभाळणाऱ्या भागात असा दोष सापडला होता की मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली जात असे, आणि त्या दोषाचा वापर करून हल्ले चालू होते. त्याच दिवशी ईएसआरच्या दोन्ही चालू मालिकांनाही, म्हणजे १२८ आणि ११५ यांना, दुरुस्ती मिळाली. अशी दुरुस्ती आली की माझ्या बाकीच्या सगळ्या पायऱ्या बाजूला राहतात. तारीख वीस असो की एकतीस, ती त्याच दिवशी लावायची, आणि अडचण आल्यास काम थांबू नये म्हणून दुसरा ब्राउझर उघडा ठेवायचा.

आकड्यांवरूनही बराच अंदाज येतो. १३९वरून १४० असा पहिला आकडा बदलला तर दिसण्या-वागण्यात फरक अपेक्षित धरावा. १४०.०.१ असा शेवटचा आकडा आला तर ती तातडीची लहान दुरुस्ती असते. ईएसआरमध्ये १४०.१, १४०.२ असा मधला आकडा दर महिन्याला वाढतो आणि त्यात कामाची पद्धत बदलत नाही, म्हणून या मासिक दुरुस्त्या मी फार न तपासता लावते.

नव्या आवृत्तीच्या भीतीने जुन्यावर अडून राहणाऱ्यांना मी १४ मार्च २०२५ची आठवण करून देते. मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. ज्यांच्याकडे १२८पूर्वीची आवृत्ती होती किंवा ईएसआरमध्ये ११५.१३च्या आधीची होती, त्यांच्या ॲड-ऑनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या पूरक सॉफ्टवेअरवर, आणि इतर काही सोयींवर त्याचा परिणाम होणार असल्याचे आधीच जाहीर झाले होते. कुणी काहीही बदलले नाही तरी ब्राउझर बिघडू शकतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

नक्कल काढून ठेवावी, कारण परतीची वाट अरुंद आहे

नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी पुन्हा बसवू, असे अनेक जण गृहीत धरतात. मे २०१९मधल्या ६७व्या आवृत्तीपासून ते तितके सरळ राहिलेले नाही. नव्या आवृत्तीने एकदा वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडायला गेल्यास ब्राउझर नकार देतो आणि नवे, रिकामे प्रोफाइल करायला सांगतो. त्यामागे कारण आहे: नवी आवृत्ती प्रोफाइलमधल्या माहितीची रचना बदलू शकते आणि जुनी तिला हात लावायला गेली तर माहिती खराब होण्याचा धोका असतो. म्हणून परत फिरण्याचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे आवृत्ती बदलण्याआधी काढलेली प्रोफाइलची नक्कल.

नक्कल काढण्यासाठी मेनूतल्या मदत विभागात जाऊन समस्यानिवारणाच्या अधिक माहितीचे पान उघडावे. तिथे प्रोफाइल फोल्डरची ओळ असते आणि तिच्यासमोर फोल्डर उघडण्याचे बटण असते. फोल्डर उघडल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करावा, आणि मगच तो संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवावा. ब्राउझर चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते. या फोल्डरमध्ये बुकमार्क आणि इतिहास 'प्लेसेस' नावाच्या फाइलमध्ये असतात. पासवर्ड दोन फाइल मिळून साठवले जातात, 'लॉगिन्स' आणि 'की फोर'. यांतली एकच उचलली तर पासवर्ड परत मिळत नाहीत, म्हणून फाइल निवडत बसण्यापेक्षा अख्खा फोल्डर घेणे शहाणपणाचे.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ब्राउझरला मुख्य पासवर्ड घातलेला नसेल, तर तो पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला आतले सर्व पासवर्ड वाचता येतील. करसल्लागाराच्या संगणकात पन्नास-साठ अशिलांचे पासवर्ड असतात. मी आधी मुख्य पासवर्ड घालते, मग नक्कल काढते, आणि तो पेन ड्राइव्ह टोकनांसोबत कपाटात कुलपाखाली ठेवायला सांगते. फायरफॉक्सच्या खात्यावरून होणारी सिंक ही सोय नकलेला पर्याय नाही, कारण एका संगणकावर चुकून पुसलेला बुकमार्क तिच्यामुळे सगळीकडून पुसला जातो.

जुनी जागेवर, नवी शेजारी

चाचणीसाठी जुनी आवृत्ती काढण्याची गरज नसते. नव्या आवृत्तीचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवावा, बसवताना सानुकूल पर्याय निवडावा आणि वेगळ्या फोल्डरचे नाव द्यावे. ही पायरी गाळली तर ईएसआर आणि सर्वसाधारण शाखा मुळात एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि एक दुसरीला पुसून टाकते. वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेल्या फायरफॉक्सला स्वतःचे वेगळे प्रोफाइल मिळते. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात नकळत हेच झाले होते, आता ते जाणूनबुजून करायचे.

पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', त्यानंतर कोलन आणि 'प्रोफाइल्स' असे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिले की सगळ्या प्रोफाइलची यादी दिसते. तिथे 'चाचणी' नावाचे नवे प्रोफाइल करावे, ब्राउझर बंद करावा आणि काढलेल्या नकलेतला मजकूर त्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये उतरवावा. आता नवी आवृत्ती आपल्या खऱ्या बुकमार्कांसह आणि ॲड-ऑनसह तपासता येते आणि रोजच्या कामाच्या प्रोफाइलला धक्काही लागत नाही.

कामे करून पाहावीत

चाचणी म्हणजे चार संकेतस्थळे उघडून पाहणे नव्हे. मी प्रत्येक कार्यालयात एका कागदावर तिथली खरी कामे लिहवून घेतली आहेत, आणि ती कामे नेहमी जी व्यक्ती करते तिनेच करून पाहायची असा नियम ठेवला आहे. मला न जाणवणारी अडचण रोज फॉर्म भरणाऱ्या ताईंना पहिल्या मिनिटात जाणवते.

डिजिटल स्वाक्षरी सर्वांत आधी तपासावी, कारण सर्वांत जास्त अडचणी तिथेच येतात. सरकारी संकेतस्थळावर टोकनने स्वाक्षरी करताना ब्राउझर बहुधा थेट टोकनशी बोलत नाही. संगणकावर एक साहाय्यक सॉफ्टवेअर चालू असते, संकेतस्थळाचे पान त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर त्या सॉफ्टवेअरशी संपर्क साधते आणि ते सॉफ्टवेअर टोकनकडून स्वाक्षरी करवून घेते. हा अंतर्गत संपर्कही सुरक्षित जोडणीने होतो, म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रावर ब्राउझरचा विश्वास असावा लागतो. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी ठेवतो, केवळ विंडोजच्या यादीवर विसंबत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, परंतु क्रोममध्ये चालणारी स्वाक्षरी फायरफॉक्समध्ये अडते तेव्हा कारण बहुतेकदा इथे सापडते.

उपाय दोन आहेत. गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात प्रमाणपत्रांपाशी, संगणकावर इतर सॉफ्टवेअरने बसवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू आहे याची खात्री करावी. तरीही अडले तर साहाय्यक सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये दिलेला अंतर्गत पत्ता एकदा ब्राउझरमध्ये उघडावा आणि येणारा इशारा वाचून त्या एकाच पत्त्यापुरती मान्यता द्यावी. ही मान्यता फक्त आपल्याच संगणकाच्या पत्त्याला द्यायची असते. बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळाबाबत असा इशारा आला तर मागे फिरावे. आणि कुणी ब्राउझर मंदावला म्हणून त्याला मूळ स्थितीत आणणारे 'रिफ्रेश'चे बटण (पान पुन्हा उघडण्याचे नव्हे) दाबले असेल, तर प्रमाणपत्रांविषयीच्या सेटिंग्ज पुसल्या जातात, हेही लक्षात असू द्यावे.

त्यानंतर छपाई. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून फायरफॉक्समध्येच उघडावा, अक्षरे जुळलेली दिसतात का ते पाहावे, आणि एक प्रत कागदावर काढावी, कारण पडद्यावर नीट दिसणारा समास कागदावर कापला गेल्याचे मी पाहिले आहे. स्वाक्षरी वैध आहे की नाही याची पडताळणी मात्र मी पीडीएफच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्येच करते.

मराठीची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि मला तर ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'लक्ष', 'शेतकऱ्यांचा' हे चार शब्द एखाद्या फॉर्ममध्ये टाइप करून पाहावेत. ऱ्यामधला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पान तयार करणाऱ्याने त्याची भाषा मराठी असल्याचे नोंदवले असेल आणि फाँटमध्ये मराठी वळणे दिलेली असतील, तर फायरफॉक्स ती दाखवतो. तसे दिसत नसेल तर सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये फाँटच्या प्रगत भागात जाऊन देवनागरीसाठी वेगळा फाँट निवडता येतो. ब्राउझरचे सर्व मेनू मराठीत करता येतात आणि मराठी शब्दकोशाचे ॲड-ऑन बसवले की शुद्धलेखनाच्या चुकाही अधोरेखित होतात. अभ्यासिकेत हे दोन्ही केले आहे. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश अर्ज भरणारी, बऱ्याच वर्षांनी शिक्षणाकडे वळलेली माणसे तिथे येतात, आणि त्यांना मराठी मेनूमुळे दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही.

बँकेचे व्यवहार, छायाचित्र आणि सही अपलोड करणे, पॉप-अपमध्ये उघडणारी पावती, ही कामे प्रत्येकी एकदा करून पाहिली की पुरते.

१४०मध्ये काय मिळाले

चार जीबी रॅमच्या संगणकांना या आवृत्तीतला एक छोटा बदल खरोखर उपयोगी आहे. टॅबवर उजवी क्लिक करून तो टॅब रॅममधून उतरवता येतो. टॅब जागेवर राहतो, फक्त त्याची स्मृती मोकळी होते, आणि पुन्हा त्यावर गेले की पान नव्याने उघडते. अर्धवट भरलेल्या फॉर्मचा टॅब असा उतरवू नये, कारण भरलेली माहिती परत येईलच असे नाही. १३६मध्ये आलेली उभी टॅब-पट्टी आणि १३७पासून मिळू लागलेले टॅबचे गट हे १२८वरून येणाऱ्यांना एकदमच मिळतात. निर्यातदाराकडे प्रत्येक कंटेनरच्या कागदपत्रांसाठी एक गट करण्याची पद्धत आता रुळली आहे. अभ्यासिकेत उभी पट्टी कुणालाच आवडली नाही, आणि ती मुळातच ऐच्छिक असल्याने तसेच सोडून दिले.

करसल्लागारासाठी फायरफॉक्सचा सर्वांत मोठा लाभ मात्र या आवृत्तीतला नाही, तो आधीपासूनचा आहे. मोझिलाचेच मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचे ॲड-ऑन बसवले की एकाच खिडकीत दोन टॅबमध्ये एकाच संकेतस्थळावर दोन वेगवेगळ्या अशिलांची खाती उघडता येतात, आणि एकाची ओळख दुसऱ्यात मिसळत नाही. नव्या आवृत्तीत हे ॲड-ऑन चालते का, हेच माझ्या दृष्टीने तिथले खरे मोजमाप होते. ते चालले.

निर्यातदाराला भाषांतराची सोय भावली. सप्टेंबर २०२३च्या ११८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स पानाचे भाषांतर संगणकावरच करतो. भाषेचे मॉडेल एकदा उतरवले की पानावरचा मजकूर भाषांतरासाठी बाहेर कुठे पाठवला जात नाही. आपल्या द्राक्षांचा मोठा ग्राहक असलेल्या नेदरलँड्समधल्या आयातदारांची डच पाने, किंवा जर्मन पाने, व्यवहाराची गोपनीयता राखून वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे. भाषांतर ओबडधोबड असते, करारातली कलमे त्यावरून ठरवू नयेत.

तोट्यांत पहिला तोटा फायरफॉक्सच्या हातातला नाही. क्रोम, एज आणि इतर कितीतरी ब्राउझर ब्लिंक या पान पडद्यावर उभे करणाऱ्या एकाच इंजिनावर चालतात, तर फायरफॉक्सचे गेको हे इंजिन स्वतंत्र आहे. त्यामुळे काही संकेतस्थळे फक्त क्रोमवर तपासलेली असतात आणि फायरफॉक्स दिसताच दार बंद करतात. वेबयूएसबीसारख्या, संकेतस्थळाला यूएसबी उपकरणाशी थेट बोलू देणाऱ्या सोयी मोझिलाने सुरक्षेच्या कारणास्तव घेतलेल्या नाहीत. ज्या यंत्राचे काम त्यावर अवलंबून आहे, त्यासाठी दुसरा ब्राउझर ठेवावाच लागतो. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण कार्यालयात त्याची किंमत मोजावी लागते हेही खरे.

दुसरा तोटा सेवा बंद होण्याचा. वाचण्यासाठी लेख साठवून ठेवण्याची पॉकेट ही सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली, आणि १४०मध्ये तिचे बटण पट्टीवरून गेले. अभ्यासिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी स्पर्धा परीक्षेचे शेकडो लेख तिथे ठेवले होते. ते वेळेत बाहेर काढता आले. ब्राउझरसोबत फुकट मिळणाऱ्या सेवेत आपली एकमेव प्रत ठेवू नये, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. जुलै २०२४च्या १२८व्या आवृत्तीत जाहिरातींचे मोजमाप करणारी एक प्रायोगिक सोय वापरकर्त्याला न विचारता चालू ठेवलेली होती. फेब्रुवारी २०२५मध्ये वापराच्या नव्या अटींतल्या शब्दांवरून इतकी टीका झाली की मोझिलाला ते शब्द बदलावे लागले. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो, हेही सर्वांना माहीत असलेले सत्य आहे. या गोष्टी मी लपवत नाही. म्हणूनच नवी आवृत्ती आली की गोपनीयता विभागातली माहिती-संकलनाची पेटी आणि साइडबारमधल्या चॅटबॉटची सेटिंग पुन्हा एकदा उघडून पाहते आणि कार्यालयाला नको असलेले बंद करते. मूळ कोड सर्वांसमोर असल्यामुळे अशा गोष्टी बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येतात आणि उघडपणे बोलल्या जातात. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपला कोड खुला केला तेव्हापासून चालत आलेली ही पद्धत आहे, आणि एवढ्या तक्रारींनंतरही मी याच ब्राउझरसोबत राहिले, त्याचे कारण तेच आहे.

कधी लावायची आणि अडचण कुठे कळवायची

सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये अद्यतनांच्या भागात, नवी आवृत्ती आल्याचे कळवावे पण बसवण्याचा निर्णय आपल्यावर सोडावा, असा पर्याय आहे. दोन्ही कार्यालयांत तो निवडला आहे. करसल्लागाराकडे जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखांच्या आधीचे तीन दिवस मोठा बदल करत नाही, तर निर्यातदाराकडे जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम पूर्ण टाळते. ईएसआरची वार्षिक उडी जून-जुलैच्या सुमारास येते, म्हणून पिंपळगावला ती जुलैमध्येच उरकता येते. करसल्लागाराकडे मात्र जुलै हा आयकर विवरणपत्रांचा महिना असल्याने जुन्या मालिकेला दुरुस्त्या मिळत असतात त्या काळाचा आधार घेऊन ऑगस्टमधला एखादा शनिवार निवडते.

एखादे संकेतस्थळ अडले तर फक्त दुसऱ्या ब्राउझरकडे वळून गप्प बसू नये. मेनूमध्ये बिघडलेले संकेतस्थळ कळवण्याची सोय आहे. काय करायला गेलो, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढी तीन वाक्ये पुरतात. त्यात अशिलाचे नाव, पॅन क्रमांक किंवा खात्याचा तपशील कधीही लिहू नये. कळवलेल्या अशा अडचणींवर मोझिला काही वेळा त्या एका संकेतस्थळापुरती दुरुस्ती ब्राउझरमध्येच घालते. 'अबाउट', कोलन आणि 'कॉम्पॅट' असे लिहिले की त्या दुरुस्त्यांची यादी पाहता येते, आणि ती बरीच लांब आहे. मेनूतले एखादे मराठी वाक्य खटकले तर भाषांतरासाठी मोझिलाने चालवलेल्या पोंटून या संकेतस्थळावर खाते उघडून दुसरा शब्द सुचवता येतो. ते काम स्वयंसेवकच करतात आणि मराठीला माणसे हवी आहेत.

नवी आवृत्ती रोजच्या कामाला लागल्यावर दोन वीस तारखा सुरळीत जाऊ द्याव्यात. त्यानंतर शेजारची जुनी आवृत्ती काढून टाकावी, 'चाचणी' प्रोफाइल पुसावे, आणि कपाटातला तो पेन ड्राइव्ह पुन्हा वापरात घेण्याआधी पूर्ण रिकामा करावा.